जीभ जांभळी, गाव बदलापूर

नागपूर म्हटलं की संत्रं, देवगड म्हटलं की हापूस, पुरंदर म्हटलं की अंजीर. मग कल्याणच्या पुढे आणि कर्जतच्या अलीकडे राहणाऱ्यांनी कोणत्या फळाचं नाव घ्यावं? खुशाल जांभळाचं घ्या! २०१४ साली नागपूरच्या संत्र्याला जे भौगोलिक मानांकन मिळालं, तेच २०२३ च्या अखेरीस बदलापूरच्या जांभळालाही मिळालं. पालघर तालुक्यातल्या बहाडोलीचं जांभूळही त्याच सुमारास या यादीत दाखल झालं. म्हणजे मुंबईच्या दोन बाजूंना, दोन्ही लोकलच्या टप्प्यात, दोन मानाची जांभळं आहेत.

बदलापूरचं नाव निघालं की बाहेरचे लोक गर्दीची लोकल, पूर आणि बारवी धरण एवढंच आठवतात. उल्हासनगर जीन्ससाठी, अंबरनाथ शिवमंदिरासाठी ओळखलं जातं. पण मेच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंत या तिन्ही स्टेशनांबाहेर जे टपोरं, काळंभोर, गरदार फळ टोपल्यांतून येतं, त्याच्या अंगात किती गोष्टी दडल्या आहेत! एकेक सोलून पाहू.

पत्ता विचाराल तर जांभूळ

या भागात जांभूळ आधी नकाशावर भेटतं. अंबरनाथ तालुक्यात चक्क ‘जांभूळ’ नावाचं गाव आहे. तिथेच एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र आहे आणि बारवी धरणाचं पाणी तिथून स्वच्छ होऊन आसपासच्या शहरांना जातं. ‘जांभूळ केंद्रात दुरुस्ती, उद्या पाणी नाही’ ही बातमी वाचून ज्यांनी बादल्या भरून ठेवल्या आहेत, त्यांना हे नाव चांगलंच पाठ असेल. अंबरनाथजवळ जांभिवली आहे, ठाण्यात बाजाराचा जांभळी नाका आहे, रायगडात जांभूळपाडा आहे. झाडावरून गाव ओळखण्याची ही जुनी रीत. वड, पिंपळ, चिंच यांच्या बरोबरीने जांभळाला हा मान मिळाला, कारण ते झाड लांबून दिसायचं. पूर्ण वाढलेलं जांभूळ तीस मीटरपर्यंत उंच जातं आणि बारा महिने हिरवं राहतं.

त्याला पाण्याची ओढ आहे. ओढ्याच्या, नदीच्या काठी ते खुशीत वाढतं आणि पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं तरी कुजत नाही. उल्हास, बारवी आणि वालधुनी यांच्या खोऱ्यात, भरपूर पाऊस आणि कडक उन्हाळा यांच्या मधोमध त्याचं बस्तान बसलं यात नवल नाही.

लवंगेचं भावंड, पेरूचं नातलग

जांभळाचं शास्त्रीय नाव सायझिजियम क्युमिनाय. लवंगही सायझिजियमच, आणि पांढरा-गुलाबी, पाणीदार जामसुद्धा. पेरू आणि निलगिरी हे थोडे लांबचे नातेवाईक, पण कुळ एकच.

नातं पडताळून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. जांभळाचं एक पान तोडा आणि उन्हासमोर धरा. पानभर बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत. आता तेच पान बोटांत चुरगळून नाकाशी न्या. टर्पेंटाइनसारखा उग्र वास येईल, निलगिरीच्या पानाची आठवण करून देणारा. पानाच्या कडेकडेने, काठाला समांतर एक बारीक शीर धावते, तीही पाहून ठेवा. पेरूच्या झाडाखाली गेलात तर तिथेही अशीच खूण शोधता येईल. आणखी एक साम्य फळातच आहे. पेरूच्या बुडाशी जशी वाळलेली फुलाची मुकुटासारखी कड असते, तशीच जांभळाच्या टोकाला इवलीशी गोल वाटी असते. फुलाचं बूड होतं ते इथे, फळ फुगलं ते त्याच्या खाली.

टोपी उडवणारं फूल

साधारण फेब्रुवारीत जांभळाला तांबूस कोवळी पालवी येते आणि पाठोपाठ मोहोर. फुलं हिरवट पांढरी, जेमतेम सेंटिमीटरभर, पण घोसाने. गंमत अशी की या फुलाच्या पाकळ्या उमलतच नाहीत. चारही पाकळ्या एकमेकींना चिकटून कळीवर टोपी बनतात. कळी तयार झाली की टोपी सुटून खाली पडते आणि आत दडलेले पुंकेसर झुबक्यासारखे बाहेर येतात. मार्चमध्ये मोहोरलेल्या जांभळाखाली उभे राहिलात तर अंगावर बारीक पांढरा सडा पडतो, तो बराचसा या टोप्यांचा आणि गळलेल्या केसरांचा असतो.

वास मंद गोड, त्यामुळे मधमाश्यांची झुंबड. महाबळेश्वरचा जांभूळमध प्रसिद्ध आहे तो याच फुलांमुळे. त्याला किंचित तुरट, किंचित कडवट अशी वेगळीच चव असते, साखरेच्या पाकासारखा नुसता गोडवा नसतो. मधात ज्याला चवींचे फरक कळायला हवेत, त्याने सुरुवात जांभूळमधापासून करावी असं माझं ठाम मत आहे.

सगळी फुलं फळाला येत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत कळ्या, फुलं, बारकी फळं यांची भरपूर गळ होते आणि झाड आपल्याला पोसवतील तेवढीच फळं ठेवतं. मग अवकाळी वारा, वळवाचा पाऊस आणि गारा यांच्यातून जे वाचेल ते टोपलीत. म्हणून जांभळाच्या शेतकऱ्याची नजर एप्रिल-मे महिन्यांत सतत आभाळाकडे. पाऊस आठवडाभर आधी आला तर पिकलेला माल झाडाखालच्या चिखलात जातो.

हिरवं, गुलाबी, लाल, काळं

एकाच घोसात चार रंग असतात. आधी हिरवं, मग गुलाबी झाक, मग लालभडक, शेवटी जांभळट काळं. लाल दिसतंय म्हणून तोडलंत तर तोंड वाकडं होईल. कारण जांभूळ आढीत पिकत नाही. हापूस कच्चा उतरवून गवतात ठेवला की गोड होतो. जांभळाचं तसं नाही. झाडावरून उतरलं की त्याची गोडी तिथेच थांबते. संत्र्याचाही स्वभाव हाच, तेही झाडावरच पिकावं लागतं. पण संत्र्याला जाड साल आहे, ते ट्रकने दिल्लीपर्यंत जातं. जांभळाची साल कागदाहून पातळ. साध्या हवेत दोन-तीन दिवस टिकलं तर खूप.

या दोन गोष्टी एकत्र करा आणि मग लक्षात येतं की चांगलं जांभूळ लांबच्या शहरात का मिळत नाही. पूर्ण काळं झाल्याशिवाय तोडता येत नाही आणि काळं झालं की ते ठेवता येत नाही. पहाटे तोडायचं, सकाळी निवडायचं, दुपारच्या आत विकायचं. जो झाडाच्या जवळ राहतो त्यालाच खरी चव. बदलापूर-अंबरनाथकरांना लोकलच्या गर्दीबद्दल जे काही सोसावं लागतं, त्याच्या बदल्यात त्यांच्या पदरी ही एक मोठी चैन पडली आहे.

तोडणीही सोपी नाही. घोस एकदम पिकत नाही, म्हणून एकाच झाडावर पुन्हा पुन्हा चढावं लागतं. काठीने झोडपलं तर फळ फुटतं, म्हणून हाताने वेचायचं आणि गळ्यात अडकवलेल्या टोपलीत किंवा झोळीत अलगद ठेवायचं. त्यात जांभळाची फांदी ठिसूळ. आंब्याची फांदी वजनाने आधी वाकते, कुरकुरते, सावध करते. जांभळाची फांदी न सांगता मोडते. ‘जांभळीवर चढू नको’ ही कोकणातल्या प्रत्येक आजीची ताकीद याच कारणासाठी. बहाडोलीत तर इमारतीला बांधतात तशी बांबूची परांची अख्ख्या झाडाभोवती उभी करतात आणि तिच्यावरून फळं काढतात. एका झाडाच्या परांचीला किती बांबू, किती सुतळी, किती माणसं लागत असतील याचा विचार केला की जांभळाचा भाव जास्त वाटेनासा होतो.

मजेची गोष्ट अशी की याच झाडाचं लाकूड पाण्यात मात्र पक्कं. विहीर बांधताना तळाशी जे लाकडी कडं बसवत, त्यासाठी जांभळाचं लाकूड पसंत करत. वर्षानुवर्षं पाण्याखाली राहून ते कुजत नाही.

टोपलीजवळ दोन मिनिटं थांबा

स्टेशनच्या जिन्याशी टोपल्या घेऊन बसणाऱ्या बहुतेक बाया आसपासच्या ठाकूर-कातकरी पाड्यांवरच्या. जांभळं, करवंदं, अळू, रानातला सगळा मेवा त्यांच्याच हातून शहरात येतो. टोपलीत खाली हिरवी पानं, वर फळं. पानांमुळे फळ दाबलं जात नाही आणि थंडही राहतं. द्रोणात किंवा वाट्यावर विक्री. हात लावून फळ चिवडलेलं त्यांना आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. बोटाचा दाब पडलेलं जांभूळ तासाभरात पाणी सोडतं.

घ्यायचं कसं? फळ तुकतुकीत हवं, सालीवर पांढुरकी धूळ असेल तर उत्तम, ती ताजेपणाची खूण. देठाकडची बाजू लालसर असेल तर अजून एक दिवस कमी पडला आहे. रस गळत असेल तर एक दिवस जास्त झाला आहे. ‘आजची हायत का मावशी?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘सकाळीच उतरवलीत, खाऊन बघ.’ खाऊन बघाच. चवीला देण्यात त्यांचा हात सढळ असतो.

जीभ खरखरीत का होते?

जांभळात टॅनिन असतं. तोंडात गेल्यावर ते लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांच्या गुठळ्या करतं. लाळेचा बुळबुळीतपणा कमी होतो, जीभ टाळूला घासते आणि आपण म्हणतो, ‘तुरट!’ म्हणजे तुरटपणात चवीइतकाच स्पर्शाचा भाग आहे. जास्त खाल्ली तर घसा धरल्यासारखा वाटतो तोही यामुळेच.

मिठाने हा तुरटपणा दबतो आणि गोडी वर येते. म्हणून डब्यात जांभळं, वर मीठ, झाकण लावून खळखळ हलवणं ही शाळेच्या मधल्या सुट्टीतली रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. हलवल्याने साल थोडी खरचटते, रस सुटतो आणि मीठ आतपर्यंत जातं.

रंगाची जादू, घरच्या घरी

जीभ जांभळी करणारं द्रव्य म्हणजे अँथोसायनिन. काळ्या द्राक्षांत आणि लाल कोबीतही याच कुळातली रंगद्रव्यं असतात. आंबट मिळालं की हा रंग लालाकडे झुकतो, साबणासारखं अल्कलीधर्मी काही मिळालं की निळ्या-हिरव्याकडे.

मुलांना सुट्टीत दाखवण्यासारखा प्रयोग आहे. चार-पाच पिकली जांभळं पाण्यात कुस्करा, गाळा आणि तीन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू पिळा, पाणी गुलाबी-लाल होईल. दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका, ते निळसर आणि मग हिरवट होईल. तिसरी तशीच ठेवा, तुलनेसाठी. शाळेतल्या लिटमस कागदाचं काम जांभळाने केलं! मुलांना मग दही, चुना, चिंचेचं पाणी, साबणाचं पाणी असं एकेक करून बघू द्या. अर्धा दिवस घरात शांतता राहील.

हाच नियम कपड्यांनाही लागू. शर्टावर जांभळाचा रस सांडला की आपण धावत जाऊन साबण चोळतो. साबण अल्कलीधर्मी, त्यामुळे डाग निळा पडतो. त्याऐवजी आधी लिंबू किंवा व्हिनेगर लावावं, थंड पाण्याने धुवावं, मग साबण. डाग जितका ताजा तितका लवकर जातो.

आणि हा रंग नुसता डाग पाडून थांबत नाही. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये जांभळातलं हे रंगद्रव्य वापरून सौर घट तयार केले. वनस्पती जशी रंगद्रव्याने उजेड पकडते, तशाच तत्त्वावर या घटातला रंग प्रकाश शोषतो आणि वीज तयार व्हायला मदत करतो. संस्थेच्या आवारातच जांभळाची झाडं होती, कच्चा माल दारातच. वीज फार होत नाही, पण जांभळाने दिवा लावता येतो ही कल्पनाच भारी आहे.

पहिला हक्क कुणाचा?

पाखरांचा. कोकीळ, साळुंकी, बुलबुल, तांबट, आणि नशीब असेल तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल. रात्री वटवाघळांची पाळी. वटवाघूळ फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर जाऊन खातं आणि बी तिथे टाकतं. उदमांजरही पिकली फळं शोधत फिरतं आणि बिया विष्ठेतून दूरवर पेरतं. ओढ्याकाठी, बांधावर, रेल्वेच्या कडेला कुणी न लावलेली जी जांभळं दिसतात, ती बहुधा या मंडळींची कामगिरी.

एक झाड आणि कथांचं जंगल

पूजेच्या संकल्पात आपण राहत असलेल्या भूमीचा उल्लेख जंबुद्वीप असा येतो, तो याच झाडावरून. पुराणांतलं जांभळाचं झाड मेरूजवळ, त्याची फळं हत्तीएवढी, आणि ती फुटून वाहिलेल्या रसाची नदी. राजपुत्र सिद्धार्थ लहानपणी नांगरणीच्या उत्सवात सावलीला बसला आणि त्याला पहिल्यांदा ध्यान लागलं, ते जांभळाखाली, अशी बौद्ध परंपरा. बोधिवृक्ष पिंपळ सगळ्यांना माहीत असतो, हे जांभूळ मात्र विसरलं जातं.

मला सगळ्यांत आवडते ती जैन परंपरेतली गोष्ट. सहा भुकेले वाटसरू फळांनी लगडलेल्या जांभळापाशी येतात. पहिला म्हणतो, झाड मुळासकट पाडू. दुसरा म्हणतो, मोठे फाटे तोडले तरी पुरे. तिसऱ्याला लहान फांद्या हव्यात, चौथ्याला घोस, पाचवा म्हणतो फक्त पिकली फळं तोडू. सहावा म्हणतो, खाली पडलेली आहेत ती आपल्या पोटाला पुरेशी आहेत. माणसाच्या मनाच्या सहा छटा, ज्यांना तिथे लेश्या म्हणतात, त्या समजावायला ही कथा सांगतात आणि अनेक जैन चित्रांत हे झाड आणि हे सहाजण रंगवलेले दिसतात.

आणि महाराष्ट्राच्या लोककलेत जांभूळ आहे ते द्रौपदीच्या मनात. ‘जांभूळ आख्यान’ शाहीर विठ्ठल उमप यांनी रंगमंचावर गाजवलं. पाच पांडवांची पत्नी असलेल्या द्रौपदीच्या अंतर्मनात कर्णाविषयी ओढ होती का, या गुपिताभोवती ते फिरतं आणि ते गुपित उघडं पाडतं एक तोडलेलं जांभूळ. महाभारताच्या संहितेत नसलेली ही गोष्ट गावोगावच्या गायकांनी जपली.

जांभूळ परदेशी

ल्युटेन्सची नवी दिल्ली आखली गेली तेव्हा रस्त्यांच्या कडेला सावलीसाठी जांभळं लावली गेली; आजच्या कर्तव्यपथाच्या परिसरात जूनमध्ये पदपथ जांभळे होतात. १९११ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने हे झाड फ्लोरिडात नेलं. तिथे ते इतकं माजलं की आता स्थानिक झाडांना दाबणारं उपद्रवी झाड म्हणून त्याची गणना होते. हवाईतही तीच तक्रार. आपल्याकडे एकेका झाडासाठी जीव तुटतो आणि तिकडे ते उपटायची मोहीम!

मधुमेहाबद्दल सरळ बोलू

जांभळाच्या बियांचं चूर्ण मधुमेहावर घेण्याची प्रथा जुनी आहे, आयुर्वेदात त्याचा वापर आहे आणि प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत बियांच्या अर्काने साखर कमी झालेली दिसली. माणसांवरचा पुरावा मात्र अजून कच्चा. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहींना देऊन नीट चाचणी घेतली तेव्हा साखरेवर फरक पडला नाही. जांभूळ जरूर खावं, चूर्ण घ्यायचं तर डॉक्टरांना विचारून घ्यावं. पण चालू गोळ्या बंद करून त्यावर भिस्त ठेवू नये. हे फळ चवीसाठी खाण्याइतकं चांगलं आहे, त्याला औषधाची शिफारस लागत नाही.

नाव राखलं, झाड राखायचंय

भौगोलिक मानांकनाने नेमकं काय होतं? चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नावाची नोंद होते आणि ठरलेल्या भागातल्या नोंदणीकृत उत्पादकांशिवाय इतरांना ते नाव लावून माल विकता येत नाही. नोंद दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. म्हणजे गुजरातेतून आलेलं जांभूळ ‘बदलापूरचं’ म्हणून विकणं आता कायद्याने चुकीचं. उद्या वाशीच्या बाजारात खोक्यावर हे नाव दिसलं तर भाव चढा मिळेल, ही शेतकऱ्यांची आशा रास्त आहे.

पण मानांकन नावाचं रक्षण करतं, झाडाचं नाही. बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली आणि त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते लोकलच्या खिडकीतून दिसतंच. बांधावरचं झाड प्लॉटच्या मधोमध आलं की त्याचे दिवस भरतात. जांभळाच्या बाबतीत हे नुकसान जास्त लागतं. बियांपासून वाढलेलं झाड फळ धरायलाच आठ-दहा वर्षं घेतं आणि मग पन्नास-साठ वर्षं फळ देतं. मोठ्या झाडाचं उत्पन्न वर्षाला ऐंशी ते शंभर किलो. आजोबांनी लावलेलं झाड एका सकाळी पडतं, पण त्याच्या जागी नातवाला तसं झाड मिळायला त्याचं अर्धं आयुष्य जातं.

इथे एक गोष्ट ठाऊक असावी. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा जास्त वर्षं वयाच्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’चा दर्जा आला. नगरपरिषद आणि महानगरपालिका, दोन्हींच्या हद्दीत हा कायदा लागू आहे. भर फळांतली जुनी जांभळं या व्याख्येत सहज बसतात. तुमच्या सोसायटीच्या आवारात, शाळेच्या मैदानावर असं झाड असेल तर पालिकेच्या वृक्षगणनेत त्याची नोंद आणि वय बरोबर आहे का, हे एकदा जाऊन पाहा. मानांकनाइतकंच महत्त्वाचं हे काम आहे, किंबहुना जास्तच.

बी फेकू नका, आठवड्यात पेरा

आता खाऊन झालेल्या बियांचं काय? पुढच्या वर्षासाठी बरणीत भरून ठेवल्या तर उगवणार नाहीत. जांभळाचं बी वाळणं सहन करत नाही. साधारण दोन आठवड्यांत त्याचा जीव जातो. ताजं बी मात्र लगेच कामाला लागतं. धुऊन गर काढा, चार-पाच सेंटिमीटर खोल पिशवीत किंवा जमिनीत घाला, पावसाचं पाणी आहेच. दहा-पंधरा दिवसांत कोंब.

आणि तिथे शेवटची गंमत वाट पाहत असते. एका बीतून बऱ्याचदा एकाहून जास्त रोपं निघतात! बीच्या आत एकाऐवजी अनेक गर्भ असतात, त्याला बहुभ्रूणता म्हणतात. संत्र्याच्या कुळातही हाच चमत्कार आहे. त्यांच्यात हे जादाचे गर्भ आईच्याच पेशींपासून बनतात, त्यामुळे ती रोपं हुबेहूब आईसारखी निघतात. वरूड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत जंभेरी लिंबाच्या बिया पेरून एकसारखे खुंट मिळतात आणि त्यांवर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधता येतो, तो याच गुणामुळे. जांभळाच्या पिशवीत दोन कोंब दिसले तर घाबरून एक उपटू नका. दोन-चार पानं आली की हलक्या हाताने वेगळी करा, दोन झाडं होतील.

थांबायची तयारी नसेल तर मृदुकाष्ठ कलम घ्या, ते सहा-सात वर्षांत फळतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने बहाडोलीच्या झाडांतून निवडलेली ‘कोकण बहाडोली’ ही जात आपल्या हवेला मानवते. लखनौच्या केंद्रीय फलोत्पादन संस्थेने बारीक बीची ‘जामवंत’ काढली आहे. शेतकऱ्यांसाठी राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत जांभूळ आहे, संत्र्याच्या शेजारीच. अंतर मात्र कंजूषपणा न करता ठेवा, दोन झाडांत दहा मीटर. सोसायटीत लावणार असाल तर गाड्यांच्या जागेपासून लांब लावा. नाहीतर जूनमध्ये गाड्या जांभळ्या होतील आणि दुसऱ्याच बैठकीत झाड तोडायचा ठराव येईल. भिंतीच्या कडेला, मुलांच्या खेळायच्या कोपऱ्यात जागा द्या, आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घाला. त्यानंतर त्याचं ते बघतं.